सिलिंडरची चाबी उघडण्यापूर्वी

सून रोज सासूला एक कागद वाचायला देते आणि समोर बसून वहीत काहीतरी टिपत राहते, तर सासूने काय समजायचं? मी पहिल्याच दिवशी समजले.

कागद साधा, छापलेला, पाच-सात ओळींचा. "आई, हे जरा मोठ्याने वाचून दाखवता?" असं संपदा म्हणाली, तेही इतकं गोड, की मी लगेच सावध झाले. मी चौथीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट धरून वाचते, आणि ते मी कोणापासून लपवत नाही. मी कुठे अडखळले की तिची पेन्सिल हलायची. दुसऱ्या दिवशी दुसरा कागद आला. तिसऱ्या दिवशी तिने फोन माझ्यासमोर ठेवला, आणि त्यावर सेकंद पळत होते.

काशीतल्या दुर्गाघाटाच्या आमच्या गलीत राहणाऱ्या बिंदुमाधवच्या आईचं असंच सुरू झालं होतं. घरच्यांनी आधी तिला वार विचारला, मग तारीख, मग डोकं तपासायला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरने तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. जिने आयुष्यात हातात पेन धरलं नाही ती घड्याळ काय काढणार? गेली तेव्हा घराच्या चाब्या तिच्या कमरेला होत्या, परत आली तेव्हा सुनेच्या. आता ती खिडकीत बसून समोरच्या छतावरची माकडं बघते.

माझ्यावर ही पाळी का यावी, त्याला कारण होतं. ते सांगायला हवं, कारण त्यात माझा हात आहे.

आमचे हे, नीलकंठशास्त्री, चाळीस वर्षं रामघाटच्या पाठशाळेत वेद शिकवत. महाराष्ट्रातून कोणी श्राद्धाला, पिंडदानाला आलं की विधी सांगायला यांनाच बोलावणं. साठी झाली तेव्हा यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही. थोरल्या उल्हासच्या पुण्यातल्या घराची वास्तुशांत झाली, तिला मी एकटी गेले. अठरा वर्षं यांनी तो नेम पाळला. मग फुप्फुसं बिघडली. आता नाकात नळी, पलंगाशी ऑक्सिजनची मशीन, आणि बत्ती गेली तर कोपऱ्यात सिलिंडर. चार शब्द बोलतात आणि दम घेतात.

गेल्या महिन्यात सकाळी अकराला बत्ती गेली. धाकटा देवव्रत रेल्वेत, ड्यूटीवर. त्याची बायको ही संपदा, ती ठठेरी बाजारात गेलेली. एरवी सिलिंडर लावायचं काम तीच करते, म्हणून माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. मशीन शिट्ट्या मारायला लागली. मी पुस्तिका काढली. मशीनबरोबर हिंदी पुस्तिका आली होती, पण संपदाने आपल्या कंपनीतून माझ्यासाठी मराठी मागवून घेतली होती. मी बोट ठेवलं आणि वाचू लागले: "वीजपुरवठा खंडित झाल्यास सिलिंडरची मुख्य चावी उघडण्यापूर्वी रेग्युलेटर घट्ट बसविलेला असल्याची व प्रवाहाचा नॉब शून्यावर असल्याची खात्री करून घेण्यात यावी."

हे वाक्य आज मला तोंडपाठ आहे. त्या दिवशी ते मी पुरं वाचलंच नाही. आमच्या घरात हे सांगायचे आणि यजमान करायचा. हे म्हणाले पळीत पाणी घ्या, की घेतलं. म्हणाले सोडा, की सोडलं. मागे बसून सामान पुढे करत माझा जन्म गेला. शब्द पडला की माझा हात जातो, मागून काय येतंय याची वाट तो बघत नाही. 'सिलिंडरची मुख्य चावी उघड' इथपर्यंत बोट पोचलं आणि हाताने चाबी फिरवली.

रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरच्या तोंडावर बसवतात ते पितळी यंत्र. ते सैल होतं. सिलिंडरवाला दिनानाथ आदल्या दिवशी खांद्यावरून नवा सिलिंडर घेऊन जिना चढला होता आणि "कस दिया है, माताजी" म्हणून गेला होता. काय कसलं होतं ते त्यालाच ठाऊक. बाजूने हवा अशी सुटली की मला वाटलं भिंत फुटली. चाबी बंद करायला गेले तर कोणत्या बाजूला फिरवायची तेच सुचेना. यांचे ओठ निळे पडले होते. तेवढ्यात देवव्रत ड्यूटी संपवून आला, नशीब म्हणायचं. त्याने सगळं बंद केलं, कसलं, नळी लावली. चार मिनिटं गेली असतील.

तो मला एक शब्द बोलला नाही, आणि तेच मला झोंबलं. संध्याकाळी त्याने उल्हासला फोन केला. दोघा भावांचं ठरलं, की बाबांना पुण्याला न्यायचं. तिथे लिफ्ट आहे, जनरेटर आहे, समोर हॉस्पिटल आहे. उल्हासने दोन शनिवार सोडून तिसऱ्याचं तिकीट काढलं. तूही चल, असं देवव्रत मला म्हणाला, सामानात लोटा घ्यायची आठवण करावी तसं.

यांना सांगितलं तेव्हा यांनी एक बोट वर करून नाही म्हणून हलवलं. देवव्रत म्हणाला, "बाबा, नेम जिवापेक्षा मोठा नाही." यांनी भिंतीकडे तोंड केलं. आमच्या घरापासून मणिकर्णिकेचा स्मशानघाट चालत दहा-पंधरा मिनिटं. शेवट तिथेच व्हावा म्हणून हा माणूस अठरा वर्षं गावाबाहेर पडला नाही, आणि आता तो माझ्या एका हातामुळे पुण्याच्या लिफ्टमधून खालीवर करणार. सिलिंडर मला लावता येतो, हे देवव्रतला पटलं असतं तर तो थांबला असता. पोरगा हट्टी आहे, दुष्ट नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात सुनेने कागद काढले.

माझा हिशेब सरळ होता. यांच्या खोलीला नदीकडची खिडकी आहे. लग्न होऊन आली त्या वर्षी संपदा म्हणाली होती, की ही खोली कामाला छान आहे. तिचं काम म्हणजे लॅपटॉपवर बसून कंपनीसाठी काहीतरी लिहायचं. काय लिहायचं ते मी कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. म्हटलं, ही आता माझी परीक्षा घेतेय. नापास झालेल्या सासूची वही नवऱ्याला दाखवणार, हे पुण्याला जाणार, आणि खोली मोकळी.

मग मीही माझा डाव खेळायचं ठरवलं. एके दिवशी चष्मा सापडत नाही म्हणाले. तिने तो माझ्या डोक्यावरून काढून दिला. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात असताना तिच्या टेबलावरचा कागद मी पाठ केला आणि घडाघडा म्हणून दाखवला. तिने माझ्याकडे बघितलं, हसली, आणि आत जाऊन दुसराच घेऊन आली. कागद रोज वेगळे, पण सगळे त्या मेल्या सिलिंडरचेच. शब्द इकडचे तिकडे केलेले. हे मला विचित्र वाटलं, पण वेड्याला वेडं ठरवायला डॉक्टरही तोच तोच प्रश्न विचारतात, असं मी मनाला सांगितलं.

शेजारच्या वैदेहीला मी गच्चीवर हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "काकू, तुम्हाला सगळ्यांचाच संशय येतो." मला वैदेहीचाही संशय आला.

बुधवारी संपदा आंघोळीला गेली आणि वही टेबलावरच राहिली. मी उघडली. चोरी म्हणा. माझ्या परीक्षेचा निकाल मी बघितला, असं मी म्हणते.

माझंच नाव होतं, पानापानावर. 'आई, ओळ दोन, थांबल्या.' 'आई, ओळ चार, हात आधी गेला.' 'झडप शब्द कळला नाही.' 'निर्धारित, तीनदा वाचलं.' एवढा पुरावा दाखवल्यावर देवव्रत कशाला थांबेल? शेवटापर्यंत बघावं म्हणून मी पानं उलटली, पण घाईत उलटी, मागून पुढे. वहीच्या सुरुवातीला जुनी पानं होती, वर दोन वर्षांपूर्वीची तारीख. तेव्हा आमच्या घरात मशीन यायची होती, यांना साधा खोकलाही नव्हता. आणि त्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'वीजपुरवठा खंडित झाल्यास सिलिंडरची मुख्य चावी उघडण्यापूर्वी'. एकदा लिहून खोडलेलं, दुसऱ्यांदा लिहून खोडलेलं, तिसऱ्यांदा पुरं, खाली रेघ.

मी वही मांडीवर घेऊन तिथेच बसले. ती ओल्या केसांनी बाहेर आली, वही बघितली, आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. माझी वही का उघडली, असं ती विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते वाया गेलं.

"ते वाक्य माझंच आहे, आई," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. कंपनी मशीनवाल्यांना पुस्तिका लिहून देते. दहा माणसं लिहितात, पुस्तिकेवर कोणाचंच नाव नसतं. या मशीनची मराठी पुस्तिका हिच्या वाट्याला आली होती. चार दिवसांत पुरी करायची होती, साहेबाने वाचून छान म्हटलं, छापली. सिलिंडरपुढे उभं राहून ती कोणी वाचून बघितली नाही. माझ्यासाठी मागवली तेव्हा तिला अभिमान वाटला होता, पण आधी वापरू दे, मग सांगू, असं तिने ठरवलं. त्या दिवशी बाजारातून येऊन तिने पुस्तिका जमिनीवर उघडी पडलेली बघितली, आणि कोणत्या शब्दाला माझा हात गेला ते तिला तिथल्या तिथे कळलं.

मी विचारलं, हे कोणाला सांगितलंस? कोणाला नाही. देवव्रतला? तिने नाही म्हणून मान हलवली.

"तो म्हणेल मी बाबांना..."

"वाक्य पुरं कर. अर्धी वाक्यं तुला शोभत नाहीत, तुझा तो धंदा आहे."

मीच पुढे बोलले. "तुझ्या नवऱ्याने मला खुळी ठरवलं, तेव्हा तू शेजारी उभी राहून पोळ्या लाटत होतीस. एक पोळी करपली नाही तुझी."

कागद नीट झाला की सांगणार होते, असं ती म्हणाली. म्हणून रोज मला वाचायला देत होती. माझ्याइतकं खरं वाचणारं तिला कोणी मिळालं नव्हतं. इतर लोक कळल्यासारखं दाखवतात, माझ्या तोंडावर सगळं दिसतं. ही स्तुती की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवला नाही. आजही निम्माच ठेवते. पण शनिवार तीन दिवसांवर होता आणि रडणाऱ्या सुनेचा मला काही उपयोग नव्हता.

मी तिला उठवलं आणि यांच्या खोलीत नेलं. म्हटलं, आता तू वाच. मी करते. हे बघतील.

तिचा सगळ्यात नवा कागद तिने वाचायला घेतला. सिलिंडर बंद होता, हे मशीनवर होते, त्यामुळे घाई नव्हती. ती म्हणाली, "रेग्युलेटर घट्ट आहे का ते तपासा व नॉब शून्यावर आणा." पलंगावरून टकटक आली. हे बोटाने पलंगाची कड वाजवत होते. पाठशाळेत मुलगा चुकला की असंच वाजवायचे. तिला कळेना काय चुकलं. यांनी एक बोट वर केलं, दम घेतला आणि म्हणाले, "एका वेळी. एकच."

तिने वाक्य तोडून दोन केली. मग पुढचं वाचलं. पुन्हा टकटक. "घट्ट म्हणजे किती?" असं मी विचारलं. दिनानाथचंही घट्टच होतं. तिने विचार केला आणि लिहिलं, हलवून बघा, हलला नाही पाहिजे. 'खात्री करून घेण्यात यावी' अजून एका ठिकाणी राहिलं होतं. मी म्हटलं, कोणी घ्यायची? इथे मी एकटी असते. ते तिने खोडलं. चाबी कोणत्या बाजूला फिरवायची ते कुठेच नव्हतं. मी तिचा हात धरून चाबीवर ठेवला, म्हणजे तिलाही कळलं की डावं-उजवं सांगायला उभं कुठे राहायचं तेही सांगावं लागतं. चाबी आपल्या तोंडासमोर ठेवून डावीकडे, असं शेवटी ठरलं. नळीत हवा येते की नाही ते बघायला तिने काचेच्या नळीत हवेबरोबर वर चढणाऱ्या गोळीकडे बघा असं लिहिलं होतं. मला त्या गोळीवर भरवसा नाही. मी म्हटलं, लिही, नळी गालाशी धरा, हवा लागते का बघा. तिने पेन्सिल थांबवली. मग तेही लिहिलं.

मधेच ती म्हणाली, कंपनीत हे चालणार नाही. इतकी लहान वाक्यं बघून साहेब म्हणतील हे बालवाडीचं पुस्तक आहे.

"साहेबाला म्हणावं, नाक दाबून धर आणि तुझं लांब वाक्य वाच," मी म्हटलं. हे हसले आणि खोकला लागला, तेव्हा आम्हाला थांबावं लागलं.

गुरुवारपर्यंत आठ ओळी झाल्या. मोठ्या अक्षरात छापून तिने सिलिंडरच्या वरच्या भिंतीवर चिकटवल्या. मी नऊ वेळा करून बघितलं. देवव्रतला कोणी काही सांगितलं नाही. ती सांगते का, याची मी वाट बघत होते. गुरुवार गेला, ती काही बोलली नाही. माझा संशय जेवढा उतरला होता तेवढा पुन्हा चढला.

शुक्रवारी देवव्रतची सुट्टी होती. सकाळी दहाला बाबांची दवाई द्यायला आत आला आणि भिंतीवरचा कागद वाचत उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि जिना उतरून खाली गेला. मिनिटभराने बत्ती गेली. मशीन शिट्टी मारायला लागली. शेजारी वैदेहीचा टीव्ही चालूच होता. म्हणजे खालचं मेन बटण याने बंद केलं होतं. संशय घ्यायची खोड पोराने माझ्याकडूनच उचलली आहे.

संपदा धावत दारात आली. मी तिला हाताने थांबवलं. डावं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. नॉब शून्यावर आणा. आणला. रेग्युलेटर हाताने घट्ट करा. हलवून बघा. हलला नाही. चाबीसमोर उभ्या राहा. सावकाश डावीकडे फिरवा. आवाज झाला नाही. नॉब दोनवर आणा. यांची नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावा. नळीचं दुसरं टोक गालाशी धरा. गार हवा लागली. मी ती यांच्या नाकाला लावली. यांचे ओठ जसे होते तसेच होते. हे माझ्याकडे बघतच नव्हते, कागदाकडे बघत होते, आणि मान हलवत होते.

देवव्रत दारात उभा होता. एक मिनिट लागलं, असं तो म्हणाला. मग म्हणाला, "शिकलीस की, आई."

"मी तेव्हाही हेच केलं होतं. कागदात होतं ते."

त्याला काही कळलं नाही. मी संपदाकडे बघितलं. ती फरशीकडे बघत होती. पुढचं मी बोलणार नव्हते. मी बोलले असते तर सासूने आपली चूक सुनेवर ढकलली, एवढंच झालं असतं, आणि पोराने कोणाचंच मानलं नसतं. सांगायचं तर तिने. मी यांची चादर सारखी करायला लागले, सारखीच होती ती.

"ती पुस्तिका मी लिहिली होती," संपदा म्हणाली.

"कुठली?"

"हीच. वाक्य उलटं लिहिलं होतं. आधी करायचं ते मागे, मागून करायचं ते पुढे."

तो खुर्चीवर बसला. बायकोला काय बोलायचं असेल ते दोघांचं, मला त्यात पडायचं नाही. थोड्या वेळाने खाली जाऊन त्याने बटण लावलं, परत आला, फोन घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उल्हासला लावला. मी मागोमाग गेले.

तो म्हणत होता, "दादा, आपण जरा थांबू या. इथे जमतंय आता. त्या दिवशी थोडा गोंधळ झाला होता."

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "कोणाचा गोंधळ? नीट सांग."

त्याने फोनवर हात ठेवला. मी हलले नाही. त्याने हात काढला. "आईची चूक नव्हती, दादा."

उल्हासने काहीतरी विचारलं असावं, कारण देवव्रतने मागे वळून बघितलं. संपदा तिथेच होती. तिने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"दादा, पुस्तिका मी लिहिली होती. आईंनी त्यात होतं तसंच केलं. आता मी ती बदलली आहे. बाबांना इथेच राहू द्या."

आता एखादा 'पण' येईल म्हणून मी कान देऊन उभी राहिले. चार दिवस होते, साहेब होता, घाई होती, यातलं काहीतरी ती सांगेलच, अशी माझी खात्री होती. तिने काही सांगितलं नाही. फोन कानाला लावून उभी राहिली, गळ्याशी लाल झालेली.

पलीकडून उल्हासने विचारलं, बाबा काय म्हणतात. संपदाने फोन आत नेऊन यांच्या तोंडाशी धरला.

"नाही," हे म्हणाले. दम घेतला. "येत नाही."

तिकीट मी काढलं होतं, मीच रद्द करतो, असं उल्हास म्हणाला.